सस्तन प्राण्यांच्या जीनोममधील लघु आरएनएंचे क्लस्टर कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघु आरएनएंच्या, म्हणजे वीस-तीस बेसच्या (अक्षरांच्या) छोट्या आरएनएंच्या, सीक्वेन्सिंगची (क्रमवाचनाची) फाइल पहिल्यांदा हाती आली की ठरावीक प्रश्न हमखास पडतात. त्यांची उत्तरे इथे जमतील तितकी सविस्तर दिली आहेत. या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसते, तसा क्लस्टर कुठे दिसत नाही. तो आपण रीड्सच्या, म्हणजे यंत्राने वाचलेल्या आरएनए तुकड्यांच्या, दाटीवरून ठरवतो, त्यामुळे कोणते नियम लावून ठरवला हे सांगितल्याशिवाय "आम्हाला इतके क्लस्टर सापडले" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

क्लस्टर म्हणजे नेमके काय?

जीनोमच्या एकाच पट्ट्यातून लघु आरएनए दाटीने निघत असतील, तर त्या पट्ट्याला क्लस्टर म्हणतात. हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पहिला अर्थ निव्वळ जागेचा आहे, म्हणजे हे आरएनए नकाशावर शेजारी शेजारी आहेत. दुसरा अर्थ उत्पत्तीचा आहे, म्हणजे ते एकाच लांब आरएनएतून कापून निघाले आहेत. पहिली गोष्ट मोजता येते, दुसरी सिद्ध करावी लागते.

मिर-17-92 या प्रसिद्ध क्लस्टरमध्ये दोन्ही अर्थ जुळतात. माणसाच्या 13व्या गुणसूत्रावर जेमतेम 800 बेसच्या जागेत सहा मायक्रोआरएनए (इतर जनुकांना आवर घालणारे सुमारे 22 बेसचे लघु आरएनए) बसले आहेत आणि सहाही एकाच प्राथमिक प्रतीतून (डीएनएवरून उतरलेल्या लांब आरएनएतून) निघतात. 19व्या गुणसूत्रावरचा सी19एमसी हा त्यापेक्षा खूप मोठा आहे. सुमारे एक लाख बेसच्या पट्ट्यात 46 मायक्रोआरएनए जनुके आहेत, तो फक्त प्रायमेट प्राण्यांत आढळतो आणि मुख्यतः वारेत व्यक्त होतो. पायआरएनएंचे, म्हणजे जननपेशींतल्या पिवी प्रथिनांशी जोडलेल्या लघु आरएनएंचे, क्लस्टर आणखी वेगळे. तिथे काही हजार ते लाखभर बेसच्या पट्ट्यातून हजारो वेगवेगळे क्रम निघतात आणि त्यांतल्या एकेका क्रमाला स्वतंत्र नाव देण्यात काही हशील नसते.

मायक्रोआरएनए आणि पायआरएनए, दोन्हींसाठी एकच पद्धत चालेल का?

नाही. मायक्रोआरएनए हेअरपिनच्या, म्हणजे केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या आरएनएच्या, घडीतून निघतो. म्हणून आधी एकेक हेअरपिन ओळखायची आणि मग त्यांच्यातले अंतर मोजायचे. मिरडीप2 हे साधन रीड्सचा ढीग हेअरपिनच्या दोन बाजूंवर डायसर एन्झाइमने कापल्यासारखा पडला आहे का, हे तपासते. त्यानंतरचे काम सोपे आहे. मिरबेस या मायक्रोआरएनएंच्या डेटाबेसमध्ये एकमेकांपासून 10,000 बेसच्या आत असलेले मायक्रोआरएनए एका क्लस्टरमध्ये धरण्याची सोय आहे आणि बहुतेक जण हाच आकडा वापरतात. तो सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे, निसर्गाने आखलेली रेघ नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

पायआरएनए हेअरपिनमधून येत नाहीत. लांब, एकेरी प्रतीचे तुकडे होऊन ते बनतात. घडी शोधून काहीच मिळत नाही, हाती असतो तो फक्त रीड्सचा विस्तार. जीनोम ब्राउझरमध्ये दोन्ही जागा शेजारी उघडून पाहा. मायक्रोआरएनएची जागा एकट्या उंच मनोऱ्यासारखी दिसते, कारण सगळी रीड्स त्याच 22 बेसवर रचलेली असतात. पायआरएनए क्लस्टर दाट रानासारखा दिसतो, झाडे कमी-जास्त उंचीची, पण मैलभर पसरलेली. या पानाचा पुढचा बराचसा भाग त्या रानाबद्दल आहे.

मॅपिंगच्या (रीड्सची जीनोमवरची जागा शोधण्याच्या) आधी काय तपासावे?

आधी अडॅप्टर, म्हणजे सीक्वेन्सिंगसाठी टोकाला जोडलेला कृत्रिम क्रम. लघु आरएनए 20 ते 32 बेसचा आणि रीड 50 बेसचे, त्यामुळे जवळपास प्रत्येक रीडच्या शेपटाला अडॅप्टर असतोच. एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या किटचा अडॅप्टर टी-जी-जी-ए-ए-टी-टी-सी असा सुरू होतो. तो सापडला नाही तर किट कोणते होते हे प्रयोग करणाऱ्यालाच विचारावे, अंदाज बांधू नये.

मग लांबीचा आलेख काढा. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. प्रौढ उंदराच्या वृषणाच्या नमुन्यात 22ला मायक्रोआरएनएंचे छोटे शिखर दिसते आणि 26 ते 31च्या दरम्यान पायआरएनएंचा मोठा उंचवटा असतो. मिली या पिवी प्रथिनाशी जोडलेले 26-27 बेसचे असतात आणि मिवी या दुसऱ्या पिवी प्रथिनाशी जोडलेले 30च्या आसपासचे. सगळ्या लांबींवर सपाट पसरलेला आलेख आला तर आरएनए सडलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा नमुन्यावर क्लस्टर शोधण्यात वेळ घालवू नये.

यानंतर रायबोसोमल आरएनए, टीआरएनए आणि स्नोआरएनए या पेशीतल्या नेहमीच्या इतर आरएनएंचे तुकडे वेगळे करावेत. टीआरएनएचे अर्धे तुकडे साधारण 30 ते 34 बेसचे असतात, म्हणजे लांबीने ते पायआरएनएंमध्ये बेमालूम मिसळतात. माणसाच्या 6व्या आणि 1ल्या गुणसूत्रांवर टीआरएनए जनुकांचे मोठे समूह आहेत, त्यामुळे हे तुकडे मॅप झाले की तिथे आयता "क्लस्टर" उभा राहतो. यकृत, रक्त किंवा मेंदूच्या नमुन्यांत पायआरएनए क्लस्टर मिळाल्याचा दावा समोर आला की मी आधी हीच गोष्ट पाहते, आणि बहुतेक वेळा दाव्याचा मोठा भाग तिथेच गळून पडतो.

फक्त 24 ते 32 बेसची रीड्स घेतली तर चालेल ना?

वृषणासाठी चालेल. बीजांडासाठी मात्र ही गाळणी घातक ठरू शकते. माणसाच्या बीजांडात पिविल3 प्रथिनाशी जोडलेले पायआरएनए सुमारे 20 बेसचेच असतात आणि 24ची अट लावली की ते सगळे गाळणीतून खाली जातात. उंदरात पिविल3 जनुकच नाही, म्हणून उंदरावर घडलेली सवय माणसाच्या बीजांडाला लावता येत नाही. उंदराच्या बीजांडात आणखी एक गोष्ट आहे. तिथे डायसरच्या एका खास, आखूड रूपामुळे 21 बेसचे एसआयआरएनए (लघु आरएनएंचा आणखी एक प्रकार) भरपूर बनतात, तेव्हा त्या लांबीचा ढीग दिसला म्हणून त्याला मायक्रोआरएनए समजू नये. आधी आलेख बघावा, गाळणी नंतर ठरवावी.

एकच रीड अनेक जागी जुळते, त्याचे काय करायचे?

या प्रश्नावर जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच. सस्तन प्राण्यांच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग पुनरावृत्त क्रमांचा आहे आणि 25-30 बेसच्या तुकड्याला स्वतःची जागा ओळखायला फारसा वाव नसतो. उपाय चार आहेत.

एक, फक्त एकाच जागी जुळणारी रीड्स ठेवणे. हा सुरक्षित वाटतो, पण फसवा आहे. मिर-17-92 मधले मिर-19बी आणि मिर-92ए यांची परिपक्व रूपे एक्स गुणसूत्रावरच्या मिर-106ए-363 या भावंड-क्लस्टरमधूनही हुबेहूब तशीच निघतात. म्हणजे एकल-जुळणीची अट लावताच सहांपैकी दोन सदस्य नकाशावरून पुसले जातात आणि क्लस्टरची एक बाजू रिकामी दिसू लागते. लेट-7एच्या तर माणसात तीन प्रती आहेत, 9, 11 आणि 22 या गुणसूत्रांवर.

दोन, सगळ्या जागांपैकी एक चिठ्ठी टाकून निवडणे. एकूण बेरीज बरोबर राहते, पण तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला की क्लस्टरच्या कडा हलतात. तीन, वाटून देणे, म्हणजे चार जागी जुळणाऱ्या रीडचा प्रत्येक जागेला 0.25 वाटा. हे न्याय्य वाटते, पण हजारो प्रतींच्या ट्रान्सपोझॉनवर (जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या क्रमांवर) ही रीड्स पातळ धुक्यासारखी जीनोमभर पसरतात. चार, शेजार पाहून ठरवणे, म्हणजे ज्या जागेच्या आसपास एकल-जुळणीची रीड्स जास्त, तिला जास्त वाटा. शॉर्टस्टॅक हे साधन असे करते. माझा कल या चौथ्या पद्धतीकडे आहे. फक्त तिच्यात एक धोका आहे. आधीच भरलेली जागा आणखी भरत जाते आणि खरोखर पुनरावृत्तीने व्यापलेला क्लस्टर उपाशी राहतो.

प्रत्यक्षात मी दोन नकाशे काढते, एक फक्त एकल-जुळणीचा आणि एक वाटप केलेला. दोन्हींत टिकलेला क्लस्टर निर्धास्तपणे मांडावा. फक्त दुसऱ्यातच दिसणाऱ्यापुढे तशी खूण करावी. उंदरातल्या पॅकिटीन क्लस्टरमध्ये (पॅकिटीन हा शुक्राणू घडवणाऱ्या अर्धसूत्री पेशीविभाजनाचा एक टप्पा) ट्रान्सपोझॉन कमी असतात आणि तिथली बहुतेक रीड्स एकाच जागी जुळतात, त्यामुळे तिथे दोन्ही नकाशे सहसा सारखेच येतात. खरी अडचण पॅकिटीनपूर्व काळातल्या ट्रान्सपोझॉनजन्य पायआरएनएंची आहे.

दाटी आहे हे मोजायचे कसे?

तीन घराणी आहेत.

सगळ्यात साधी खिडकी-पद्धत. जीनोमचे समान तुकडे करा, प्रत्येकात रीड्स मोजा, ठरावीक उंबरठ्यापुढच्या खिडक्या ठेवा आणि लगतच्या जोडून टाका. उंबरठा कुठे ठेवायचा याचे एक उदाहरण हिशेबाने पाहू. समजा 310 कोटी बेसच्या जीनोमवर एकल-जुळणीची 20 लाख वेगवेगळी रीड्स आहेत आणि खिडकी 1,000 बेसची आहे. म्हणजे 31 लाख खिडक्या आणि सरासरी एका खिडकीत 0.65 रीड. पॉइसाँ वितरण (योगायोगाने घडणाऱ्या गोष्टींच्या मोजणीचे सूत्र) धरले तर एखाद्या खिडकीत निव्वळ योगायोगाने सहा किंवा अधिक रीड्स पडण्याची शक्यता लाखात सहाच्या आसपास येते. ऐकायला नगण्य वाटते. पण खिडक्या 31 लाख आहेत, म्हणजे काहीही नसताना सुमारे 180 खिडक्या उंबरठा ओलांडतील! अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती म्हणूनच टाळता येत नाही. त्यात खरी पार्श्वभूमी कधीच समान पसरलेली नसते. व्यक्त होणाऱ्या जनुकांवर सडलेल्या आरएनएचा कचरा जास्त पडतो. तेव्हा सरासरी संपूर्ण जीनोमची न घेता आसपासच्या भागाची घ्यावी.

दुसरे घराणे अंतराचे. दोन रीड्समध्ये अमुक बेसपेक्षा कमी अंतर असेल तर ती एका गटात. बेडटूल्स या साधनाने एका ओळीत हे होते, म्हणून लोकप्रियही आहे. पण मर्यादा 1,000 बेसची ठेवली आणि दर 900 बेसवर एकेक भटके रीड असले, तरी साखळी लागत जाते आणि पाहता पाहता लांबलचक खोटा क्लस्टर तयार होतो. गट बांधल्यावर दर हजार बेसमागची घनता पुन्हा तपासायलाच हवी.

तिसरे घनतेचे. डीबीस्कॅन या अल्गोरिदममध्ये अमुक त्रिज्येत किमान अमुक शेजारी असतील तरच रीड गाभ्यातले मानले जाते, बाकीची गोंगाट म्हणून बाजूला पडतात. 2014 मधले पायक्लस्ट याच विचारावर उभे आहे. खिडकीच्या कडेवर क्लस्टर कापला जाण्याची भानगड इथे नसते. त्रिज्या मात्र तुम्हालाच ठरवायची असते.

कोणतीही पद्धत घ्या, फक्त रीड्सची संख्या मोजू नका. एकाच क्रमाच्या 50,000 प्रती म्हणजे क्लस्टर नव्हे. ते पीसीआरचे (प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेचे) पिल्लू असू शकते किंवा एखादा मायक्रोआरएनए. वेगवेगळ्या 5' टोकांची (सुरुवातीच्या टोकांची) संख्या मोजा, मनोरा आणि रान यांतला फरक तिथे लगेच कळतो.

कोणते साधन वापरू?

पायआरएनएंसाठी 2012 पासूनचे प्रोट्रॅक. ते दाटीबरोबरच क्रमांची वैशिष्ट्ये, लांबी आणि डीएनएच्या दोन धाग्यांमधला असमतोल एकत्र तपासते, म्हणून सस्तन प्राण्यांच्या वृषणासाठी मी तिथूनच सुरुवात करायला सांगते. नवे मायक्रोआरएनए शोधायचे असतील तर मिरडीप2. शॉर्टस्टॅक वनस्पतींच्या लघु आरएनएंसाठी जास्त वापरले जाते, त्याची अनेक-जुळणी हाताळण्याची रीत मात्र सगळीकडे उपयोगी आहे.

सापडलेले आरएनए खरोखर पायआरएनएच आहेत, हे कसे पटवायचे?

चार खुणा आहेत. पहिल्या जागी यू असण्याचा कल सगळ्यात सोपा. क्लस्टरमधल्या बहुसंख्य रीड्सची सुरुवात यूने, म्हणजे फाइलमध्ये टीने, व्हायला हवी.

दुसरी खूण पिंग-पाँगची, म्हणजे विरुद्ध धाग्यांवरचे पायआरएनए आळीपाळीने एकमेकांना घडवतात त्या चक्राची, आणि ती एकदा कागदावर करून पाहण्यासारखी आहे. समजा प्लस धाग्यावरचे रीड 1001 या जागेवर सुरू होते. त्याच्या जोडीदाराचे 5' टोक मायनस धाग्यावर 1010 ला असते. 1001 ते 1010, दोघांचा मेळ बरोबर दहा बेसचा. जोडीदार उलट दिशेने वाचला जातो, म्हणून 1010 हा त्याचा पहिला बेस आणि 1001 हा दहावा. पहिल्याचा 1001 वर यू असेल तर जोडीदाराच्या दहाव्या जागी ए येणारच. म्हणूनच "पहिल्याला यू, दहाव्याला ए" ही जोडी दिसली की पिंग-पाँग चालू असल्याचा भक्कम संकेत मिळतो. सगळ्या जोड्यांच्या मेळाची लांबी मोजून आलेख काढला तर दहावर टोकदार शिखर उभे राहते. प्रौढ उंदराच्या पॅकिटीन क्लस्टरमध्ये मात्र ही खूण क्षीण असते. ती नाही म्हणून क्लस्टर बाद करू नका.

तिसरी खूण साखळीची. एका पायआरएनएचे 3' टोक (शेवटचे टोक) संपते तिथे लगेच पुढच्याचे 5' टोक सुरू होते. 3' टोके नंतर छाटली जात असल्यामुळे सस्तन प्राण्यांत हा सांधा थोडा अस्पष्ट दिसतो.

चौथी खूण संगणकाबाहेरची. पायआरएनएंच्या 3' टोकावर 2'-ओ-मिथाइल गट असतो, त्यामुळे सोडियम परआयोडेटच्या प्रक्रियेत ते तग धरतात. सस्तन प्राण्यांच्या मायक्रोआरएनएंना आणि सडलेल्या तुकड्यांना ते कवच नसते. त्याच नमुन्याची परआयोडेट केलेली आणि न केलेली अशा दोन लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेले आरएनएचे संच) असतील तर कित्येक वाद आपोआप मिटतात. पिवी प्रथिनाची अँटिबॉडी वापरून बाहेर काढलेले आरएनए मिळाले तर उत्तमच.

क्लस्टरची हद्द कुठे आखायची?

रीड्स जिथे विरळ होतात ती हद्द नव्हे. जास्त खोल सीक्वेन्सिंग केले की हीच कड सरकते. खरी हद्द म्हणजे मूळ प्रत जिथे सुरू होते आणि जिथे संपते. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा डेटा लागतो: सुरुवातीसाठी केजचे (प्रतींची सुरुवातीची टोके वाचणाऱ्या पद्धतीचे) संकेत आणि एच3के4मी3 ही हिस्टोनवरची खूण, शेवटासाठी पॉली-ए टोकांचे (प्रतीच्या शेवटच्या ए-शेपटांचे) सीक्वेन्सिंग आणि मधल्या भागासाठी लांब आरएनएंचे सीक्वेन्सिंग.

उंदराच्या वृषणात 2013 मध्ये हेच केले गेले. पायआरएनए बनवणाऱ्या 214 जनुकांच्या हद्दी प्रतींच्या आधारे आखल्या गेल्या: 84 पॅकिटीनपूर्व, 100 पॅकिटीन आणि 30 संकरित. पॅकिटीन गटाची सूत्रे ए-मिब या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या (जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाच्या) हाती आहेत हेही त्याच कामातून पुढे आले. कित्येक ठिकाणी एकाच प्रमोटरपासून (प्रत सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागापासून) दोन प्रती विरुद्ध दिशांना निघतात. तुमच्या प्रोग्रामने धाग्यांकडे दुर्लक्ष केले तर अशी जोडी एकच क्लस्टर म्हणून मोजली जाईल, धागे वेगळे ठेवले तर दोन. दोन अभ्यासांतल्या क्लस्टरच्या संख्या जुळत नाहीत त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नमुना कोणत्या वयाचा हवा?

उंदरात पॅकिटीन अवस्थेतल्या पेशी जन्मानंतर साधारण 14व्या दिवशी दिसू लागतात. दहाव्या दिवसाच्या वृषणात पॅकिटीन क्लस्टर शोधाल तर हात हलवत परताल. प्रौढ वृषणात उलट होते, पॅकिटीन पायआरएनएंचा पूर इतका असतो की पॅकिटीनपूर्व क्लस्टर त्यात बुडून जातात. एक नमुना म्हणजे एका क्षणाचा फोटो. किमान दोन-तीन जैविक पुनरावृत्त्या घ्याव्यात आणि त्यांतल्या एकाच लायब्ररीत दिसणाऱ्या क्लस्टरवर विसंबू नये.

माझे क्लस्टर प्रकाशित यादीशी जुळतच नाहीत. काय चुकले?

आधी जीनोमची आवृत्ती पाहा. उंदराच्या जीनोमच्या एमएम9, एमएम10 आणि एमएम39 या आवृत्त्यांत त्याच जनुकाचे आकडे वेगवेगळे असतात. मग मोजणीची सुरुवात पाहा. जागा नोंदवण्याच्या दोन फाइल-प्रकारांपैकी बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ एकापासून. एका बेसचा हा फरक लांबलचक क्लस्टरच्या हद्दीत जाणवतही नाही, पण पिंग-पाँगच्या हिशेबात दहाचे शिखर नऊवर किंवा अकरावर सरकते. माझ्या एका विश्लेषणात शिखर नऊवर आले होते आणि आम्ही दोन दिवस त्यामागचे जीवशास्त्र शोधत बसलो. दोष फक्त फाइल बदलताना राहिलेल्या एका बेसचा होता. तेव्हापासून आधी ज्ञात क्लस्टरवर मोजणी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

माणसाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. 2022 मध्ये पूर्ण झालेल्या टेलोमिअर-ते-टेलोमिअर जीनोमने आधी रिकामा असलेला सुमारे 8 टक्के भाग भरून काढला आणि तो बहुतांशी पुनरावृत्त क्रमांचाच आहे. जुन्या आवृत्तीवर एकाच जागी जुळणारे रीड नव्या आवृत्तीवर दोन जागी जुळू शकते.

उंदरातला क्लस्टर माणसात कसा शोधू? क्रम जुळत नाहीत.

क्रम जुळवत बसू नका, शेजारी जुळवा. पॅकिटीन पायआरएनएंचे क्रम प्राण्या-प्राण्यांत झपाट्याने बदलतात, पण अनेक क्लस्टरची जागा टिकून राहते. उंदरात क्लस्टरच्या दोन्ही बाजूंना जी जनुके आहेत तीच माणसात शोधा आणि त्यांच्या मधला पट्टा तपासा. माणूस, उंदीर आणि घूस यांच्यात अशा समान जागा 2006 मधल्या पहिल्या शोधांच्या वेळीच लक्षात आल्या होत्या.

ज्या क्लस्टरमधून सगळ्यात जास्त रीड्स येतात, तोच सगळ्यात महत्त्वाचा का?

नाही, आणि हे उंदरांवर थेट तपासलेले आहे. 17व्या गुणसूत्रावरचा क्लस्टर पायआरएनएंचे भरघोस पीक देतो, तरी तो बंद पाडलेले नर प्रजननक्षम राहिले. 6व्या गुणसूत्रावरच्या पाय6 या क्लस्टरचा प्रमोटर काढून टाकल्यावर मात्र नरांची प्रजननक्षमता घटली. त्यांच्या शुक्राणूंना बीजांडाभोवतीचे आवरण नीट भेदता येत नव्हते, असे 2020 मध्ये दाखवले गेले. पुढच्याच वर्षी 18व्या गुणसूत्रावरच्या क्लस्टरविना वाढलेल्या नरांच्या शुक्राणूंत डोक्यावरच्या टोपीची, म्हणजे अ‍ॅक्रोसोमची रचना बिघडलेली आढळली आणि ते नर वंध्य निघाले.